सुलतानाचा जलसा, नावे पडले हिंदुस्थानच्या

दादाभाई नौरोजी १८७४ साली आपल्या बडोद्याचे दिवाण होते, हे इथल्या जुन्या घरांना ठाऊकच आहे. त्याच्या आदल्याच वर्षी ते लंडनला हिंदुस्थानच्या जमाखर्चाची चौकशी करणाऱ्या संसदीय समितीपुढे साक्ष द्यायला उभे होते. त्या समितीत एक अंध सभासद होते, हेन्री फॉसेट. आज त्यांच्याविषयी.

पंचविसाव्या वर्षी, १८५८ मध्ये, शिकारीत वडिलांच्याच बंदुकीचे छरे लागून त्यांचे दोन्ही डोळे गेले. तरी पाच वर्षांत ते केंब्रिजला अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले आणि १८६५ साली ब्रायटनमधून खासदार.

१८६७ मध्ये तुर्कस्तानचा सुलतान लंडनला आला. इंडिया ऑफिसात त्याच्यासाठी मोठा नाचाचा जलसा झाला. पाहुणा इंग्लंडचा, खर्च मात्र टाकला हिंदुस्थानच्या नावे! फॉसेटसाहेबांनी पार्लमेंटात विचारलं, हा बोजा हिंदी रयतेवर का?

त्याच वर्षअखेर अॅबिसिनियाची मोहीम निघाली. मुंबईकडचं सैन्य तिकडे नेलं, पण त्या सैन्याचा नेहमीचा पगार हिंदुस्थाननेच द्यावा असा सरकारी ठराव आला. फॉसेट विरोधात बोलले. ठराव मंजूर झालाच.

मग उपयोग काय, असं कोणी विचारील. मी जन्मभर बँकेत व्हाउचर तपासली. चुकीच्या खात्यात नावे पडलेली रक्कम कोणी मोठ्याने वाचून दाखवली नाही, तर पुढच्या वर्षी तीच वहिवाट होते. हिंदुस्थानचं बजेट अधिवेशनाच्या शेवटी, जवळजवळ रिकाम्या सभागृहात मांडलं जाई. तिथे हा माणूस कागद दुसऱ्याकडून वाचून घेऊन, आकडे पाठ करून उभा राही. मतदारसंघाला त्यात काडीचाही फायदा नव्हता.

१८७४ मध्ये ब्रायटनला ते हरले. पुढे हॅकनीच्या निवडणुकीसाठी आपल्या देशातल्या लोकांनी वर्गणी काढून पैसे पाठवले. मताचा हक्क नसलेल्या लोकांनी आपल्या बाजूने प्रश्न विचारणाऱ्याला असं निवडून यायला मदत केली.

नंतर पोस्टमास्तर जनरल झाल्यावर त्यांनी गरिबांसाठी एक सोय केली: एकेक पेनीची तिकिटं कागदावर चिकटवून बारा झाली की शिलिंग खात्यात जमा. १८८४ साली ते वारले.

'मेंबर फॉर इंडिया' ही पदवी त्यांना कोणत्याही सरकारने दिलेली नव्हती. ती लोकांनी दिली, म्हणून मला मोठी वाटते.