चावीचा ग्रामोफोन आणि शिकागोचे गोदाम

आमच्या लहानपणी घरी चावीचा ग्रामोफोन होता. तबकडी मध्यावर आली की स्प्रिंग सैल पडे आणि गाणारी बाई हळूहळू पुरुषी आवाजात गाऊ लागे. "अरे, चावी दे!" असे आई स्वयंपाकघरातून ओरडे. चावी दिली की लय चढे आणि लयीबरोबर सूरही चढे. ही गोष्ट साठ वर्षांनी उपयोगी पडेल असे वाटले नव्हते. पण माझा नातू डीजे आहे, हाउस संगीत वाजवतो, आणि मी मात्र "तबकड्या लावायला काय अक्कल लागते?" असे म्हणत आलो. परवा त्याने मला समोर बसवले. इतिहासाच्या मास्तराला मग मुळाशी गेल्याशिवाय राहवेना.

मुळाशी भेटतो तो फ्रान्सिस ग्रासो. जन्म १९४९चा, म्हणजे जवळपास माझ्याच वयाचा. न्यूयॉर्कमध्ये एका जुन्या चर्चच्या इमारतीत 'सँक्च्युअरी' नावाचे नृत्यगृह होते. १९७०च्या सुमारास तो तिथे तबकड्या वाजवी. तोपर्यंतची रीत साधी होती, एक गाणे संपावे आणि दुसरे लागावे. ग्रासोने हेडफोनवर पुढची तबकडी आधी ऐकून, तिचा वेग थोडा कमीजास्त करून, चालू गाण्याच्या ठोक्यावर ठोका बसवायला सुरुवात केली. त्या तबकड्यांवर हाडामांसाचे ढोलकवादक वाजवत होते आणि त्यांची लय ओळीओळीला हलायची. बोट सारखे तबकडीच्या कडेला ठेवावे लागे. आपल्याकडचे तबलजी गवय्याला सांभाळून घेतात, तसेच काहीसे. फरक एवढाच की इथे गवई बाजूला नसे आणि त्याला याचा पत्ताही नसे!

पुढे यंत्रे सुधारली. टेक्निक्सचे एसएल-१२०० हे टर्नटेबल १९७२ साली आले. १९७९च्या सुधारित आवृत्तीत वेग आठ टक्क्यांपर्यंत कमीजास्त करायची सरकती पट्टी होती.

त्याच १९७९ सालच्या १२ जुलैला शिकागोच्या कोमिस्की पार्क या बेसबॉलच्या मैदानावर डिस्कोच्या तबकड्यांचा ढीग सुरुंग लावून उडवण्यात आला. डिस्कोची तबकडी आणणाऱ्याला तिकीट ९८ सेंटला होते. हजारो माणसे मैदानात घुसली आणि दुसरा सामना होऊच शकला नाही. गंमत म्हणून काढलेली टूम, असे आयोजक म्हणत आले. मला ते पटत नाही. ते संगीत मुख्यतः कृष्णवर्णीयांचे, लॅटिनोंचे आणि समलिंगी मंडळींचे होते, हे ढीग रचणाऱ्यांना ठाऊक नसेल?

आणि त्याच शहरात, जेफरसन रस्त्यावर 'वेअरहाउस' नावाच्या क्लबात फ्रँकी नकल्स १९७७पासून नेमक्या ह्याच मंडळींना नाचवत होता. वेअरहाउस म्हणजे गोदाम. त्याच्या नावाचे शेपूट म्हणजे 'हाउस' संगीत. डिस्कोच्या नव्या तबकड्या कमी झाल्या तशी नकल्सने जुन्याच गाण्यांची लांबी वाढवली आणि पुढे ठोक्याचे यंत्र जोडले. यंत्राची लय हलत नाही, म्हणून दोन तबकड्या मिनिटमिनिटभर एकत्र चालवता येऊ लागल्या.

आणि इथेच माझा ग्रामोफोन आडवा येतो! मिनिटभर दोन गाणी एकत्र वाजली की सूर भांडतात. समजा एक गाणे मिनिटाला १२० ठोक्यांचे, काळी एकमध्ये. चालू गाण्याशी जुळवायला ते १२७वर नेले, म्हणजे वेग सुमारे सहा टक्के वाढला. तेवढ्यात सूर जवळजवळ अर्धा स्वर चढतो आणि गाणे पांढरी दोनमध्ये जाऊन बसते. लय जुळवावी तर सूर बिघडतो. म्हणून कुठली तबकडी कुठल्या पट्टीची आणि वेग बदलल्यावर ती कुठे जाईल, हे कानात ठेवावे लागे.

मार्क डेव्हिस यांनी यासाठी 'कॅमेलॉट' चक्र केले, घड्याळासारखे बारा आकड्यांचे. शेजारचे दोन आकडे म्हणजे षड्ज-पंचमाच्या नात्यातल्या दोन पट्ट्या. त्यांच्या सात स्वरांत फक्त एक स्वर वेगळा, म्हणून त्या भांडत नाहीत. पंचमाने पंचमाने चढत बारा पायऱ्या गेले की पुन्हा मूळ ठिकाणी! आता संगणक पट्टीही सांगतो, वेगही जुळवतो, आणि सूर न हलवता लय बदलून देतो.

"मग तुझे काम काय उरले?" मी नातवाला विचारले. त्याने उत्तर दिले नाही. संगणकाच्या पडद्यावर टॉवेल टाकला आणि हेडफोन माझ्या कानांना लावला. दोन गाणी, आणि ठोके घोडा दौडावा तसे दुहेरी.

"आजोबा, कुठले पुढे पळतेय?"

मी डोळे मिटून बराच वेळ ऐकले आणि डावे म्हणालो. उजवे होते.

"पुन्हा लाव," मी म्हणालो.