गाजरगवताची ओळख आणि त्याच्यावरील आरोप

उकिरडा, पडीक जागा, रेल्वेच्या रुळांची कड, नव्या इमारतीच्या पायाभोवतीचा मातीचा ढीग, अशा मोडल्या-उकरलेल्या जमिनीवर बारीक पांढऱ्या फुलांचे एक रोप हटकून उगवते. महाराष्ट्रात त्यास गाजरगवत, चटकचांदणी अथवा काँग्रेस गवत म्हणतात. वस्तुतः ते गाजरही नव्हे व गवतही नव्हे. गाजर कोथिंबिरीच्या कुळातले. हे रोप शेवंती-सूर्यफुलाच्या कुळातले. साम्य आहे ते केवळ चिरलेल्या पानांत. मूळ देश मेक्सिकोच्या आखाताभोवतीचा. शास्त्रीय नाव लिनिअसने १७५३ साली दिले, ते पार्थेनियम हिस्टेरोफोरस.

तिसऱ्या नावात मात्र एक आरोप दडला आहे. पांढऱ्या टोपीसारखी फुले म्हणून ते नाव पडले, असे कोणी सांगतात. काँग्रेस सरकारच्या काळात अमेरिकेहून आलेल्या 'पी. एल. ४८०' च्या गव्हाबरोबर हे बी आले, असे पुष्कळजण सांगतात. इतिहासाची साक्ष काय आहे? तो करार भारताने ऑगस्ट १९५६ मध्ये केला. पुण्याच्या उकिरड्यांवर मात्र ही रोपे त्यापूर्वीच दिसली होती, व आर. एस. राव यांनी १९५६ साली भारतातील नवी वनस्पती म्हणून त्यांची नोंद केली. त्याहूनही मागे, विल्यम रॉक्सबर्ग यांच्या कलकत्त्याच्या वनस्पती-उद्यानाच्या १८१४ साली छापलेल्या यादीत हे नाव आढळते. उद्यानातील रोप म्हणजे रानात पसरलेले रोप नव्हे, हे खरे. शिवाय १९५१ सालीही अमेरिकेने भारतास धान्य कर्जाऊ दिले होते; तेव्हा धान्यावरचा संशय सर्वस्वी फिटत नाही. परंतु ज्या करारावर लोकांनी बोट ठेवले, त्याच्या माथी या वनस्पतीचे पहिले आगमन मारता येत नाही.

पुढील प्रसारास तर परदेशी जहाजाची गरजच नव्हती. एक रोप पंधरा ते पंचवीस हजार बिया देते. वाहनांची चाके, पावसाचे लोट, चारा आणि बांधकामाची माती यांबरोबर त्या गावोगाव गेल्या.

या रोपाची नेमकी ओळख पटणे अगत्याचे आहे, कारण त्याच्या संसर्गाने कित्येकांच्या त्वचेवर चिवट इसब उठते व परागांमुळे दम्याचा त्रास होतो. १९६० नंतरच्या दशकात पुण्याच्या त्वचारोगतज्ज्ञांनी असे रुग्ण नोंदविले. निंदणीस जाणाऱ्या स्त्रिया व झाडलोट करणारे कामगार यांना ही बाधा सर्वांआधी पोहोचते.

फुलापूर्वी ओळखावयाचे असल्यास जमिनीलगत चक्राकार पसरलेली, खोल चिरलेली पाने पाहावी. पुढे उभ्या रेषांचे, फांद्याफांद्यांचे खोड वर येते, व त्यावर जेमतेम चार मिलिमीटरचे, पाच कोपऱ्यांचे पांढरे गेंद येतात. एकदांडीच्या लांब देठावर एकच फूल असते व त्याचे मध्य पिवळे असते. माक्याची पाने समोरासमोर व न चिरलेली असतात. ही दोन्ही निराळी.

१९८४ साली बंगळूर येथे मेक्सिकोहून आणलेले भुंगेरे या पानांवर सोडण्यात आले. पावसाळ्यात ते पाने फस्त करतात, तरी रोप समूळ हटले नाही. हातमोजे घालून, फूल येण्याआधी, मुळासकट उपटणे हाच अंगणापुरता खात्रीचा उपाय होय.