पंगतीत शेजारी कोण? कोल्हापूर ते सातारा : वसतिगृहांचा इतिहास

१/ विरार लोकलने रोज महाविद्यालय गाठणाऱ्या आम्हा वसई-विरारकरांना वसतिगृह म्हणजे प्रवास वाचवणारी खोली वाटते. अमेरिकेतील विद्यापीठांत मात्र समान भाषा, विषय वा आवड असणाऱ्या विद्यार्थ्यांना मुद्दाम एका छताखाली ठेवले जाते. 'कोणी कोणासोबत राहून शिकावे?' हा प्रश्न महाराष्ट्राने शतकापूर्वीच हाती घेतला होता. आपल्याकडे त्याचे नाव होते जात.

२/ १८९४ साली शाहू छत्रपती कोल्हापूरच्या गादीवर आले. तेव्हा खेड्यातला मुलगा शिकण्यासाठी शहरात आला, तरी राहायचे कोठे आणि जेवायचे कोणाकडे, हे कोडे सुटत नसे. बिऱ्हाड जात विचारून मिळे, पान जात पाहून वाढले जाई. केवळ शुल्क माफ करून हा अडसर हटणार नव्हता.

३/ १८९६ मध्ये राजाराम महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांसाठी सर्व जातींना खुले असे वसतिगृह निघाले. कागदावर ते सर्वांचे होते. प्रत्यक्षात तेथे ब्राह्मण विद्यार्थ्यांचेच प्राबल्य राहिले. दार उघडे ठेवले म्हणजे सारे आत येतात असे नाही, हा धडा येथे मिळाला.

४/ मग महाराजांनी मार्ग बदलला. १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग आणि त्याच वर्षी जैन बोर्डिंग, १९०६ मध्ये मुस्लिम बोर्डिंग, १९०८ मध्ये अस्पृश्य मानल्या गेलेल्या विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह. लिंगायत, दैवज्ञ, शिंपी अशा अनेक समाजांची वसतिगृहेही उभी राहिली. संस्थान जागा व अनुदान देई. निधी आणि व्यवस्था समाजातील जाणती मंडळी पाहत.

५/ याने जात घट्ट झाली नाही का? आक्षेप रास्त आहे. पण २६ जुलै १९०२ चा जाहीरनामा आठवा : संस्थानच्या नोकऱ्यांतील रिक्त जागांपैकी ५० टक्के मागासवर्गीयांसाठी राखीव. त्या जागांवर बसायला शिकलेली मुले हवी होती, आणि ती मुले या वसतिगृहांतूनच घडणार होती.

६/ तरीही भिंती होत्याच. कुंभोजचा एक विद्यार्थी जैन बोर्डिंगमध्ये राहत असे. चरित्रकार सांगतात, तो मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभाला गेला आणि परतल्यावर स्नान करण्यास त्याने नकार दिला. त्याला बोर्डिंग सोडावे लागले. त्याचे नाव भाऊराव पाटील.

७/ याच भाऊरावांनी ४ ऑक्टोबर १९१९ रोजी काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह काढले. तेथे सर्व जातिधर्मांची मुले एकत्र राहत, एकत्र राबत आणि एकाच पंगतीला जेवत. मुलांच्या पोटासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले; शेवटी मंगळसूत्रही दिले.

८/ १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते या वसतिगृहाचे नामकरण झाले : 'छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस'. पुढे १९४७ मध्ये साताऱ्यात छत्रपती शिवाजी महाविद्यालय सुरू झाले आणि 'कमवा आणि शिका' हा मंत्र पदवीच्या वर्गापर्यंत पोहोचला.

९/ जातवार वसतिगृहातून बाहेर पडावे लागलेल्या माणसाने आपल्या मिश्र वसतिगृहाला नाव मात्र शाहूंचेच राहू दिले. मला यात विरोध दिसत नाही, क्रम दिसतो. आधी प्रत्येकाला शहरात हक्काचे छप्पर मिळाले, म्हणूनच पुढे एका छपराखाली सर्वांना बसवता आले. पहिली पायरी आवश्यक होती. तिच्यावरच थांबणे मात्र घातक ठरले असते.

१०/ तुमच्या घरातील कोणी आजोबा-पणजोबा बोर्डिंगमध्ये राहून शिकले असतील, तर त्यांच्या आठवणी आजच लिहून घ्या. एक प्रश्न विसरू नका : पंगतीत तुमच्या शेजारी कोण बसत असे?