द्रौपदी खरंच तसं म्हणाली होती का?

बचत गटाच्या बैठकीत एखादीनं हिशेबावरून आवाज चढवला, की कुणीतरी म्हणतंच, "बाईच्या जिभेनं महाभारत घडलं!" दाखलाही ठरलेला. मयसभेत दुर्योधन पाण्यात पडला, द्रौपदी हसली आणि म्हणाली, "आंधळ्याचा मुलगा आंधळाच." आपणही हे लहानपणापासून ऐकलं, टीव्हीवर पाहिलं. पण हे लिहिलंय कुठं, असं कधी विचारलं नाही.

पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संस्थेनं हा प्रश्न साऱ्या महाभारताला विचारला. १९१९ साली काम सुरू झालं. १९२५ पासून विष्णु सीताराम सुकथनकर मुख्य संपादक होते. काश्मीरपासून केरळपर्यंतच्या, वेगवेगळ्या लिप्यांतल्या १२५९ पोथ्या मिळवल्या, श्लोकाला श्लोक लावून पाहिला. काम संपलं १९६६ साली.

रीत आपल्याला कळेल अशी आहे. जात्यावरची एकच ओवी माहेरी एक असते, सासरी थोडी वेगळी. दोन्हीकडे जुळतं ते बहुधा जुनं. एकाच गावात सापडतं ते बहुधा मागाहून जोडलेलं. पोथ्यांचंही तसंच. मागाहून आलेले श्लोक त्यांनी फेकले नाहीत, तळटीपेत ठेवले.

या आवृत्तीत दुर्योधन पाण्यात पडतो तेव्हा हसतात ते नोकर, भीम, अर्जुन, नकुल आणि सहदेव. पुढे बापाकडे गाऱ्हाणं करताना दुर्योधन सांगतो, की द्रौपदीही बायकांसह हसली. म्हणजे तिच्या हसण्याची गोष्ट येते ती त्याच्या तोंडून. 'आंधळ्याचा मुलगा' हे वाक्य मात्र तिथं नाही.

तिचं जे बोलणं आहे, ते आपण विसरलो. द्यूतात धर्मराजानं आधी स्वतःला गमावलं, मग तिला पणाला लावलं. भरसभेत तिनं विचारलं: जो स्वतःच हरला, त्याला मला पणाला लावायचा हक्क उरतो का? भीष्मांनाही सरळ उत्तर देता आलं नाही.

एवढ्या पोथ्या जुळवूनही युद्ध खरंच झालं, असं सिद्ध होत नाही. हाती आलेल्या बहुतेक पोथ्या गेल्या काही शतकांतल्या आहेत. त्या सांगतात ते इतकंच, की जुन्या पाठात काय होतं आणि मागून काय शिरलं. आपण भक्तिभावानं पोथी ऐकतो, ती ऐकत राहूच. पण पोथीच्या नावावर बाईला दोष दिला, तर पोथीत काय आहे ते विचारायला हवं.

न विचारता दागिने गहाण गेल्याचं आपल्या बैठकीत आजही कुणी सांगते, तेव्हा द्रौपदीचा तोच प्रश्न पुन्हा उभा असतो. पुढच्या वेळी कुणी बाईच्या जिभेचा दाखला दिला, तर तिचं हे खरं बोलणं त्यांना सांगूया.