कोळशाचा पैसा गेला कुठे?

चंद्रपूरचा आहे म्हटलं की लोक दोन प्रश्न हमखास विचारतात. वाघ दिसतो का? आणि मे महिन्यात तुम्ही जगता कसे? कोळशाबद्दल मात्र कुणी विचारत नाही. खरं तर विचारणाऱ्याच्या घरातला पंखा बहुधा त्याच्यावरच फिरत असतो. असो.

गडचिरोली आमच्यापासून वेगळा जिल्हा झाला तो २६ ऑगस्ट १९८२ ला. लगेच पुढच्या वर्षी, १९८३ मध्ये, चंद्रपूरच्या औष्णिक वीज केंद्राचा पहिला २१० मेगावॅटचा संच सुरू झाला. त्यासाठी इरई नदीवर धरण बांधलेलं होतंच. मग संच वाढत गेले, पहिले दोन म्हातारे होऊन बंद पडले, तरी आज केंद्राची क्षमता २,९२० मेगावॅट आहे. नव्वदच्या दशकाच्या शेवटी इथून थेट भिवंडी तालुक्यातल्या पडघ्यापर्यंत उच्चदाबाची खास वाहिनी टाकली. सुमारे साडेसातशे किलोमीटर, दीड हजार मेगावॅट. वीज महाराष्ट्र आडवा ओलांडून मुंबईच्या दारात पोचली. जुन्या चांदा जिल्ह्याच्याच दुसऱ्या टोकाला, भामरागडच्या जंगलातल्या माडिया पाड्यांवर मात्र तेव्हा चिमणी आणि शेकोटीच होती.

वीज तिकडे गेली, राख इकडे राहिली. डिसेंबर २००९ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातल्या ८८ औद्योगिक पट्ट्यांना गुण दिले. यात जास्त गुण म्हणजे नापास! चंद्रपूरला ८३.८८ मिळाले. अंकलेश्वर, वापी, गाझियाबाद आणि चौथे आपण. जानेवारी २०१० मध्ये अशा अतिप्रदूषित भागांत नव्या प्रकल्पांना तात्पुरती बंदी आली.

या धुरात एक धूर गरिबाच्या घरचाही होता, हे बाहेरच्यांना सांगितलं की आश्चर्य वाटतं. ट्रकमधून सांडलेला, खाणीच्या कडेने वेचलेला कोळसा पोत्यात भरून सायकलवर घालायचा, आणि तो शेगडीत जाळायचा. चहाच्या टपऱ्यांवर, झोपडपट्ट्यांत, संध्याकाळी सगळीकडे तो पिवळट धूर. ज्याच्या अंगणाखालून इंधन निघतं त्याला स्वच्छ इंधन परवडत नाही. २०१६ मध्ये उज्ज्वला योजना आली, गॅसची जोडणी घरात आली. पण सिलिंडर पुन्हा भरायला पैसे लागतात आणि वेचलेल्या कोळशाला फक्त कंबर लागते.

आता पैशाची गोष्ट. २०१०-११ च्या अर्थसंकल्पात प्रणव मुखर्जींनी कोळशावर टनामागे ५० रुपये उपकर लावला. त्यातून राष्ट्रीय स्वच्छ ऊर्जा निधी उभा राहायचा होता. जो घाण करतो त्याने साफसफाईचे पैसे द्यावेत, इतकं सरळ. २०१४ मध्ये उपकर १०० झाला, २०१५ मध्ये २००, आणि २०१६ मध्ये ४००. म्हणजे दहा टनांचा ट्रक धरला तर चार हजार रुपये. पद्मापूर, घुग्घुस, सास्ती या रस्त्यांवर असे ट्रक मोजत बसा, दुपारपर्यंत आकडा विसरायला होईल.

२०१७-१८ पर्यंत देशभरातून या उपकरापोटी सुमारे ८६,४४० कोटी रुपये जमा झाले. त्यातले निधीत वर्ग झाले सुमारे २९,६४५ कोटी, म्हणजे जेमतेम एक तृतीयांश. आणि प्रत्यक्ष प्रकल्पांना मिळाले सुमारे १५,९११ कोटी. जे खर्च झाले ते सौर मोहिमेवर, हरित विजेच्या पारेषण वाहिन्यांवर, गंगेच्या शुद्धीकरणावर. कामं चांगलीच आहेत, गंगेवर माझा राग नाही. पण इरई आणि झरपट या नद्याही आहेत ना? ज्या गावाचा कोळसा, त्या गावाचा वाटा, असं कलमच त्या निधीत नव्हतं. पुढे १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि हा पैसा राज्यांच्या नुकसानभरपाईकडे वळला. टनामागचे ४०० रुपये चालू राहिले, 'स्वच्छ ऊर्जा' हे नाव गेलं. २२ सप्टेंबर २०२५ पासून तो उपकरही गेला आणि कोळशावरचा जीएसटी ५ वरून १८ टक्के झाला.

"ज्या गावाचा कोळसा" हे तत्त्व आलं ते दुसऱ्या दाराने. २०१५ मध्ये खाण कायदा बदलला आणि जिल्हा खनिज प्रतिष्ठान आलं. जुन्या खाणपट्ट्यांनी स्वामित्वधनाच्या ३० टक्के रक्कम जास्तीची भरायची, आणि ती बाधित भागातच खर्च व्हायची. निदान ६० टक्के पाणी, आरोग्य, शिक्षण, प्रदूषण नियंत्रण यांवर, असा नियम होता. २०२४ मध्ये तो ७० टक्के केला. हा पैसा दिल्लीला जात नाही, ही मोठीच गोष्ट. माझी शंका वेगळी आहे. रस्त्याचं, इमारतीचं उद्घाटन करता येतं, पाटी लावता येते. हवा स्वच्छ झाली तर फीत कुठे कापणार?

अमेरिकेतली आमची भावंडं म्हणतील, आमच्याकडे बघा. बघितलं. २०२१ मध्ये बायडेन सरकारने ठरवलं की स्वच्छ ऊर्जेच्या ठरावीक खर्चाचा ४० टक्के लाभ वंचित वस्त्यांना मिळावा. जानेवारी २०२५ मध्ये नव्या सरकारने ते धोरण रद्द केलं. कायद्यात कोरलेलं जरा तरी टिकतं, आदेशातलं सहीबरोबर जातं.

भामरागडकडे परत येतो. १५ नोव्हेंबर २०२३ ला सुरू झालेल्या पीएम-जनमन योजनेत कातकरी, कोलाम यांच्यासोबत माडिया गोंडही आहेत. जिथे तार ओढणं शक्य नाही तिथल्या घरांना सौर संच द्यायची तरतूद तीत आहे. चंद्रपूरची वीज पडघ्याला पोचल्यानंतर दोन तपांनी.