नोंद, स्मरण आणि एका गावाची दोन नावे

३१ मे २०२५ च्या रात्री पावणेबारापासून १ जूनच्या पहाटे दीडपर्यंत मुंबईची प्रवासी आरक्षण यंत्रणा बंद राहील, असे मध्य रेल्वेने जाहीर केले होते. कारण एवढेच होते की उस्मानाबाद या स्थानकाचे नाव धाराशिव करावयाचे होते आणि त्यासोबत त्याचे ‘यूएमडी’ हे संकेताक्षर जाऊन ‘डीआरएसव्ही’ हे नवे संकेताक्षर यावयाचे होते. फलाटावरचा फलक रंगविण्यासाठी गाड्या थांबवाव्या लागत नाहीत. मग संगणकातले एक नाव पालटण्यासाठी अवघी आरक्षण यंत्रणा पावणेदोन तास का मिटून घ्यावी लागते? या प्रश्नाचे उत्तर संगणकाने स्मरण कसे करावे यासंबंधीच्या गेल्या पन्नास-पंचावन्न वर्षांच्या इतिहासात आहे, आणि पाठभेद, प्रक्षेप, मौखिक परंपरा यांत रमणाऱ्या मराठीच्या अभ्यासकाला तो इतिहास वाटतो तितका परका नाही.

या विषयाकडे आम्ही वळलो ते निव्वळ कुतूहलाने नव्हे. धाराशिव जिल्ह्यातल्या महाविद्यालयांतून विद्यार्थी प्रकल्पाच्या निमित्ताने जात्यावरच्या ओव्या, गोंधळातली कथने, गावांच्या नावांमागच्या आख्यायिका उतरवून आणतात आणि त्या वह्यांचे गठ्ठे कपाटात पडून राहतात. ते संगणकावर आणावेत असा विचार निघाला तेव्हा जाणकारांनी आमच्यापुढे दोन वाटा ठेवल्या. एक, कुणा कंपनीने आपल्या क्लाउडवर सांभाळलेला रिलेशनल डेटाबेस. दुसरी, सारा मजकूर संगणकाच्या चालू स्मृतीत, म्हणजे रॅममध्ये, ठेवणारा ‘इन-मेमरी’ साठा. पहिली शिस्तीची, दुसरी विलक्षण चपळ. निवड तांत्रिक आहे असे समजून ती तंत्रज्ञांवर सोपविणे सोपे होते. परंतु थोडे खोलात गेल्यावर ध्यानात आले की आपल्या वाङ्मयाने हीच निवड वेगवेगळ्या रूपांत अनेकदा केलेली आहे.

रिलेशनल पद्धतीचा जनक एडगर कॉड. मूळचा इंग्लंडचा हा गणिती आयबीएमच्या सॅन होजे येथील प्रयोगशाळेत काम करीत होता. जून १९७० मध्ये त्याचा जो निबंध प्रसिद्ध झाला, त्याने माहितीच्या मांडणीची दिशा बदलली. त्यापूर्वी माहिती झाडाच्या फांद्यांसारखी किंवा जाळ्यासारखी रचलेली असे आणि ती काढणाऱ्याला तिथवर जाण्याची वाट ठाऊक असावी लागे. कॉडने सांगितले की सारी माहिती साध्या तक्त्यांत मांडा, एक वस्तुस्थिती एकाच ठिकाणी लिहा, आणि एका तक्त्याचा दुसऱ्याशी संबंध एखाद्या खुणेने जोडा. गावाचे नाव गावांच्या तक्त्यात एकदाच. ओवी सांगणाऱ्या बाईच्या नोंदीत गावाचे नाव नाही, फक्त गावाचा क्रमांक. १९७९ पासून असे डेटाबेस बाजारात मिळू लागले. त्यांची दुसरी अट आमच्या पेढीवाल्यांना नवी नव्हती: जमा लिहिली आणि नावे लिहायचे राहिले असे चालणार नाही. व्यवहार पुरा नोंदला जाईल, नाहीतर मुळीच नोंदला जाणार नाही.

आता स्थानकाच्या नावाकडे पाहावे. कॉडच्या न्यायाने नुसते नाव पालटणे हे एका तक्त्यातल्या एका ओळीचे काम. अडचण नावाची नव्हती, खुणेची होती. संकेताक्षर हीच खूण धरून गाड्यांची वेळापत्रके, अंतरे, भाडी आणि आधीच काढलेली तिकिटे एकमेकांना जोडलेली असतात. खूण हलली की ते सारे हलते. खूण नावावरून बेतली की नावाबरोबर तिलाही जावे लागते. म्हणून डेटाबेसचे जुने जाणकार सांगतात की खूण अर्थशून्य असावी, नुसता आकडा असावा. शब्द आणि अर्थ यांचे नाते यादृच्छिक असते हे सोस्यूर वर्गात शिकविताना आम्ही जे सांगतो, त्याचा असा रोकडा उपयोग पूर्वी आमच्या पाहण्यात आला नव्हता.

या गावाच्या नावाचा इतिहासही नोंद आणि स्मरण यांच्या ओढाताणीचा आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी मीर उस्मान अली खान याच्या नावावरून सरकारी दप्तरात ‘उस्मानाबाद’ आले. बोलण्यात मात्र ‘धाराशिव’ राहिले. स्थानिक परंपरा ते धारासुरमर्दिनीशी जोडते. १९४८ मध्ये निजामी राजवट संपली, १९५६ मध्ये जिल्हा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्र झाला, तरी दप्तरातले नाव तसेच राहिले. शहराच्या नामांतराला २४ फेब्रुवारी २०२३ रोजी केंद्राची मंजुरी मिळाली, त्याच वर्षी सप्टेंबरात जिल्ह्याची अधिसूचना निघाली आणि मे २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने नामांतर कायम ठेवले. म्हणजे नोंदीपेक्षा स्मरण अधिक टिकाऊ ठरले, असे म्हणण्याचा मोह होतो. तो आवरावा लागेल. हैदराबादशी झालेल्या १८५३ च्या तहात जे जिल्हे इंग्रजांकडे गेले त्यांत ‘धाराशिव’ लिहिलेले आहे, आणि जेम्स बर्जेस यांच्या १८७८ च्या अहवालातली लेणीही याच नावाने नोंदलेली आहेत. लोकांच्या जिभेला कागदाचा आधार होता. तो नसता तर एका शतकानंतर हे नाव गावाच्या परिसरापलीकडे किती उरले असते, हे सांगणे कठीण आहे.

इन-मेमरी साठ्याचा इतिहास अलीकडचा आहे. चकतीवरून माहिती उचलण्यापेक्षा रॅममधून ती हजारो पटींनी लवकर मिळते. परंतु रॅमला विजेचा आधार लागतो, वीज गेली की पाटी कोरी. त्यामुळे आरंभी तिचा उपयोग केवळ ‘हाताशी ठेवण्या’पुरता होता. २००३ मध्ये ब्रॅड फिट्झपॅट्रिक याने लाइव्हजर्नल या ब्लॉगस्थळासाठी ‘मेमकॅश्ड’ लिहिले ते याच कल्पनेने: वाचक जे पुन्हापुन्हा मागतात ते दर वेळी दप्तरातून काढू नये, समोर मांडून ठेवावे. २००९ मध्ये सिसिलीच्या साल्वातोरे सान्फिलिप्पो याने ‘रेडिस’ प्रसिद्ध केले. त्याने स्मृतीतल्या मजकुराची अधूनमधून प्रतिमा काढून ठेवण्याची आणि प्रत्येक बदल एका रोजकीर्दीत टिपण्याची सोय दिली. तरीही ही रोजकीर्द बहुधा सेकंदाला एकदा चकतीवर उतरते. नेमक्या त्या सेकंदात यंत्र कोसळले तर तेवढे गेले. ज्याच्या पदरी ओव्या आहेत त्याला एक सेकंद क्षुल्लक. ज्याच्या पदरी पेढी आहे त्याला तो सेकंद भारी पडू शकतो.

दोन्ही प्रकार एकत्र कसे नांदतात याचे ठळक भारतीय उदाहरण पुन्हा रेल्वेचेच आहे. खिडकीवरचे संगणकीय आरक्षण १९८५ मध्ये दिल्लीत सुरू झाले आणि १९९९ पर्यंत देशातली पाच आरक्षण केंद्रे एकमेकांना जोडली गेली. ऑगस्ट २००२ मध्ये आयआरसीटीसीच्या संकेतस्थळावर तिकिटे मिळू लागली, आणि सकाळच्या तत्काळ आरक्षणाच्या वेळी ते स्थळ अडखळते हा देशव्यापी विनोद झाला. ऑगस्ट २०१४ मध्ये जी नवी यंत्रणा आली तिच्यात ‘जेमफायर’ हा इन-मेमरी साठा पुढे उभा करण्यात आला. मिनिटाला २,००० तिकिटांची क्षमता ७,२०० वर गेली, एकाच वेळी ४०,००० ऐवजी १,२०,००० लोक आत येऊ शकतील असे सांगण्यात आले. जुनी आरक्षण यंत्रणा मात्र मोडण्यात आली नाही. चौकशांचा लोंढा स्मृतीने अंगावर घ्यावा, जागा कोणाला मिळाली हे दप्तराने ठरवावे, अशी ही वाटणी आहे.

ही वाटणी आपल्याकडे नवी नाही. तुळजापूरच्या भवानीचा गोंधळी दिवटी पेटवून, संबळ-तुणतुण्याच्या साथीने एकेका दैवताला त्याच्या गावाच्या नावाने आवाहन करतो, मग रात्रभर आख्यान लावतो. समोर पोथी नसते. श्रोत्यांपैकी कुणी मध्येच काही विचारले, तर क्षणात त्या धाग्याला हात घालून तो परत मूळ कथेवर येतो. एवढी चपळाई पोथी चाळून येणार नाही. मात्र त्या स्मृतीलाही एक वीज लागते, ती म्हणजे माणूस. शिष्य तयार न होता गोंधळी गेला तर त्याच्यापुरते आख्यान तिथेच थांबले. उलट बाजूही आहे. तुकोबांच्या वह्या इंद्रायणीत बुडविल्या गेल्या आणि अभंग लोकांच्या मुखी उरले, ही कथा परंपरेने इतक्या निष्ठेने सांगितली, ती मूळ दप्तर बुडाले तरी हजारो जिभांवरच्या प्रतींतून ते पुन्हा उभे राहू शकते हा विश्वास तिला वाटत होता म्हणून.

पण अनेक प्रती म्हणजे अनेक पाठ. ज्याला संगणकवाले ‘शिळी प्रत’ म्हणतात, म्हणजे मूळ नोंद पालटली तरी समोरच्या साठ्यात जुनेच दिसत राहते, तो आपल्या पाठचिकित्सेचा जुना विषय आहे. ज्ञानेश्वरीच्या प्रतींत शिरलेले भेद पाहून एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ मध्ये, शुद्ध प्रत सिद्ध केली. सर्व प्रतींनी जिच्याकडे पाहावे अशी एक प्रमाण प्रत त्यांना हवी होती. रिलेशनल डेटाबेसची प्रतिज्ञाही तीच आहे. फरक इतकाच की डेटाबेस जुना पाठ पुसून नवा लिहितो, आणि चांगला संपादक पुसत नाही, तळटीपेत ठेवतो.

राहिला प्रश्न दप्तर कोणाच्या घरी असावे याचा. ॲमेझॉनने ऑक्टोबर २००९ मध्ये रिलेशनल डेटाबेस भाड्याने सांभाळून देण्याची सेवा सुरू केली. दुरुस्त्या ते करणार, दुसऱ्या इमारतीत राखीव प्रत ते ठेवणार, तुम्ही दरमहा बिल भरावे. त्यांची केंद्रे २०१६ मध्ये मुंबईला आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये हैदराबादला आली. निजामी अमलात उर्दूतले दप्तर ज्या हैदराबादच्या दिशेने पाहत असे, तिथेच आता धाराशिवच्या ओव्या ठेवता येतील, हा योगायोग आम्हाला गंमतीचा वाटला. गंमत बाजूला ठेवली तरी पटवाऱ्याची आठवण येतेच. गावाचा हिशेब त्याच्या बस्त्यात असे, तो नीट बांधलेला असे, आणि गाव त्याच्यावर अवलंबून असे. सांभाळण्याचे कौशल्य आणि अडविण्याची शक्ती एकाच हाती जाते. शिवाय अशा सेवेतल्या आपोआप निघणाऱ्या प्रती जास्तीत जास्त ३५ दिवस राहतात. त्याहून जुनी प्रत हवी तर ती स्वतः मुद्दाम काढून ठेवावी लागते. आमच्या कामात चूक दहा वर्षांनी ध्यानात येते. ३५ दिवसांत कोणत्याही ओवीचा पाठ तपासून झाल्याचे आम्ही पाहिलेले नाही.

मराठीत या वाटेवर मोठे काम आधीच झालेले आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी महाराष्ट्रभरच्या खेड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या आणि पुढे बेर्नार बेल यांनी त्यांचा डेटाबेस उभारला. २०१७ पासून ‘पारी’च्या माध्यमातून त्या वाचकांपुढे येत आहेत. ओवी, गाणारी, गाव, विषय हे वेगळे केल्यामुळेच एका गावातल्या सगळ्या ओव्या किंवा सीतेवरच्या सगळ्या ओव्या एकत्र पाहता येतात. ज्यांना केवळ झटपट शोध हवा आहे त्यांना इन-मेमरी साठा आकर्षक वाटेल. परंतु आमच्या वाचकांची गर्दी तत्काळच्या खिडकीसारखी कधी होईल, अशी आशा आम्ही बाळगत नाही. म्हणून आमचे मत रिलेशनल डेटाबेसच्या बाजूने पडले. क्लाउडवर ठेवावा, दर महिन्याला त्याची साध्या मजकुराच्या रूपातली पुरी प्रत महाविद्यालयाच्या कपाटात आणावी. स्मृतीत ठेवायचेच तर एवढेच ठेवावे, की जे वीज गेल्यावर मूळ तक्त्यांवरून पुन्हा उभे करता येईल: शब्दसूची, वारंवार विचारले जाणारे शोध, अशासारखे.

कस लागतो तो गावांच्या तक्त्यावर. किल्लारी हे नाव घेऊ. हैदराबाद संस्थानात ते उस्मानाबाद जिल्ह्यात. १९५६ ला मुंबई राज्य. १९६० ला महाराष्ट्र. ऑगस्ट १९८२ मध्ये लातूर जिल्हा वेगळा झाला तेव्हा लातूर. आणि ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंप झाल्यानंतर गाव त्याच नावाने नव्या जागी वसले. लातूर आणि उस्मानाबाद या जिल्ह्यांत मिळून अशी ५२ गावे हलली. १९७५ मध्ये जुन्या किल्लारीत गायिलेली ओवी आणि २००५ मध्ये नव्या किल्लारीत गायिलेली ओवी यांचे गाव एक की दोन? तीच गोष्ट जिल्ह्याच्या नावाची. जानेवारी २०२० मध्ये ९३ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन उस्मानाबादला भरले. त्या वेळची पत्रके, भाषणे, बातम्या यांत ‘उस्मानाबाद’च छापलेले आहे. तक्त्यातले नाव एका आज्ञेने पालटले तर तो मजकूर धाराशिवला छापल्यासारखा दिसू लागेल.

म्हणून गावाला आणि जिल्ह्याला नुसता क्रमांक द्यावा, नावांचा वेगळा तक्ता करावा, आणि प्रत्येक नावापुढे ते कोणत्या दिवसापासून कोणत्या दिवसापर्यंत सरकारी होते ते लिहावे, असे आम्ही सुचविले आहे. लोकांच्या तोंडचे नाव असेल तर त्याच्या तारखांचे रकाने रिकामे राहतील. धाराशिवच्या ओळीपुढे २०२३ पासूनची सरकारी तारीख येईल, आणि त्याच नावाची दुसरी ओळ तारखेविना असेल. विद्यार्थ्याच्या वहीत जे नाव आहे, ते ओवीच्या नोंदीत तसेच उतरवायचे, मग ते कोणतेही असो.