जुगुप्सा आणि जखम

'किडे पडोत' हा मराठीतील जुना तळतळाट. जखमेत अळ्या होणे ही देहाच्या विटंबनेची परिसीमा, हे त्यात गृहीतच आहे. ही किळस केवळ आपली नव्हे. 'इलियड'च्या एकोणिसाव्या सर्गात पात्रोक्लसच्या शवाविषयी अकिलिसला हीच धास्ती वाटते. सुश्रुतसंहितेतही माशांनी व्रणात टाकलेले कृमी धुऊन काढण्याचेच उपाय आहेत. बीभत्साचा स्थायीभाव जुगुप्सा आणि तिचा एक अनुभाव नेत्रसंकोच, असे भरताने म्हटले आहे. वैद्यकाच्या इतिहासात हा नेत्रसंकोच कसा सुटला, ते पाहण्याजोगे आहे.

नेपोलियनचा शल्यचिकित्सक लारे याने सीरियाच्या मोहिमेतच नोंदवले होते की, अळ्या मृत मांस तेवढे खातात आणि व्रण लवकर भरतो. परंतु निरीक्षणाचा उपचार झाला नाही. १९१७ मध्ये विल्यम बेअर या अमेरिकन शल्यचिकित्सकापुढे दोन सैनिक आले. मांडीचे हाड मोडलेले, पोटावर जखमा, अन्नपाण्यावाचून सात दिवस रणांगणात पडलेले. तरीही अंगात ताप नव्हता. कपडे काढले तो जखमांत हजारो अळ्या. त्या धुतल्यावर खाली गुलाबी, निरोगी मांस दिसले.

बेअर ते दृश्य विसरला नाही. सुमारे दहा वर्षांनी बाल्टिमोर येथे हाडांच्या चिवट संसर्गाने पिडलेल्या मुलांच्या जखमांत त्याने मुद्दाम अळ्या सोडल्या. काही रुग्णांना धनुर्वात झाला, तेव्हा माशांची अंडी निर्जंतुक करून अळ्या वाढवण्याची पद्धत त्याने बसवली. किळस ओलांडणे पुरेसे नव्हते. स्वतःच्या विश्वासाकडेही संशयाने पाहावे लागले. १९३१ मध्ये तो वारला आणि त्याचा निबंध त्याच वर्षी, मृत्यूनंतर, प्रसिद्ध झाला. अळ्यांच्या स्रावात जंतुनाशक द्रव्य असल्याचे सिमन्स याने १९३५ मध्ये दाखवले. पुढल्या दशकात पेनिसिलिन आले आणि हे सारे मागे पडले.

प्रतिजैविकांना न जुमानणारे जंतू वाढले, तशी त्याची आठवण झाली. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००४ मध्ये या अळ्यांना मान्यता दिली. २०१० मध्ये प्राग येथील संशोधकांनी 'ल्युसिफेन्सिन' हे ४० अमिनो आम्लांचे द्रव्य वेगळे केल्याचे जाहीर केले. ते काही गटांतील जंतूंनाच मारते. २००९ च्या एका ब्रिटिश चाचणीत, पायांवरील व्रण अळ्यांनी लवकर स्वच्छ झाले. मात्र ते लवकर भरले नाहीत, आणि वेदना अधिक झाल्या.

तेव्हा 'प्रतिजैविकांना पर्याय' हे शब्द जपूनच वापरावेत, असे आम्हांस वाटते. जुगुप्सेने डोळे मिटतात हे खरे. पण कौतुकानेही ते मिटू शकतात. बेअरने दोन्ही वेळा ते उघडे ठेवले.